उसनं नाक

दुकान इतकं चिंचोळं होतं की दोन धिप्पाड गिऱ्हाइकं एकदम आली, तर एकाला फुटपाथवर उभं राहावं लागायचं. एका अंगाला घड्याळवाला, दुसऱ्या अंगाला चष्मेवाला आणि मध्ये कोंबून बसवल्यासारखं हे सिगारचं दुकान. पण काउंटरमागचं दार उघडून जिना उतरलं की खाली तळघर लागे, आणि ते मात्र ऐसपैस होतं. विटांच्या भिंती, थंडगार फरशी, लाकडी मांडण्या आणि भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारी गोल तबकडी. तिथे नळीबाईचं राज्य होतं.

हे नाव तिला मालकांनी दिलं. दुकानात ती आली ती झाडलोट करायला आणि खोकी उचलायला. लेक नुकतीच शाळेत जायला लागली होती, नवऱ्याचं लिफ्ट दुरुस्तीचं काम कधी असे, कधी नसे. दुकानात सिगार दोन तऱ्हेचे. एक उघडे, पेटीत ओळीने मांडलेले. दुसरे एकेकट्या नळीत घातलेले. अंगठ्याएवढी जाड ॲल्युमिनियमची नळी, वर फिरकीचं टोपण आणि आत सिगारभोवती देवदाराच्या लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. पेटीतल्या सिगारांचं सोपं असतं, झाकण उघडलं की दिसतं. नळीतला सिगार मात्र पडद्याआड. आत तो मुरतोय की सडतोय, बाहेरून काही पत्ता लागत नाही. वडिलांनी हौसेने साठवलेल्या अशा कितीतरी नळ्या मालकांच्या गळ्यात पडल्या होत्या आणि त्यांना त्यांचा मनस्वी वैताग होता.

एकदा मांडणीवर फडकं मारता मारता तिने विचारलं, "मालक, यांची टोपणं तुम्ही कधी उघडतच नाही?"

"कशाला? कारखान्यातूनच बंद होऊन येतात."

"एखाद्या माणसाला वर्षभर खोलीत कोंडून ठेवलं, तर मधूनमधून दार तरी वाजवाल ना?"

मालक हसले. "वाजवा बाई. तुम्हीच वाजवा."

ते चेष्टेत बोलले, पण तिने मनावर घेतलं. रोज झाडून झालं की एक मांडणी घ्यायची. टोपण फिरवायचं, नळी नाकाशी धरायची आणि श्वास आत ओढायचा. पहिला श्वास तेवढा खरा, दुसऱ्याला बाहेरची हवा मिसळते. कोवळा सिगार नाकाला झोंबायचा. जास्त ओल लागलेला कुबट लागायचा. कोरडा पडलेला वाळक्या गवतासारखा. आणि चांगला मुरलेला असला की लाकूड कुठलं, तंबाखू कुठला हे वेगळं काढता येत नसे, दोघांचा मिळून एक गोडसर वास व्हायचा. कोवळ्यांची टोपणं ती सैल करून ठेवू लागली, म्हणजे आतला उग्रपणा हळूहळू निघून जाईल. मुरलेल्यांची घट्ट लावू लागली, म्हणजे आहे ते आतच राहील. स्वतः तिने एकही सिगार कधी पेटवला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला सांभाळायचे आहेत, ओढायचे नाहीत."

मालकांना फरक कळायला वेळ लागला नाही. पूर्वी नळीकडे ढुंकूनही न बघणारी गिऱ्हाइकं आता नळीच मागू लागली. झाडलोटीला दुसरी बाई आली आणि तळघर नळीबाईच्या ताब्यात गेलं.

घरी मात्र या नोकरीचं कुणाला कौतुक नव्हतं. म्हणजे नवऱ्याला होतं, पण घरात चलती सासूची होती. सासूने उमेदीची सारी वर्षं एका मोठ्या लाँड्रीत कपडे निवडण्यात घालवली होती. कपड्यावर खूण नसली तरी वासावरून तो कुठल्या घरचा हे ती सांगायची, असं तिच्या मैत्रिणी म्हणत. गुडघे गेले, नोकरी सुटली, नाक मात्र शाबूत राहिलं. खालच्या मजल्यावर कुणी नवा साबण आणला तरी हिला जिन्यात कळायचं. सूनबाई दारात आली रे आली की आतून आवाज यायचा, "कोट गॅलरीत! स्कार्फसुद्धा! आणि केसांचं काय करणार आहेस?"

सासूच्या या रागाला कारण होतं. सासरे तंबाखूपायी गेले होते. शेवटची दोन वर्षं ते पलंगावर बसूनच झोपत, आडवं झालं की खोकला. त्यामुळे सून एका शब्दाने उलट बोलत नसे. कोट गॅलरीत टांगायची, केस धुवायची आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायची.

असं सगळं सुरळीत चाललं असताना तिला ताप आला. साधाच वाटला, पण चांगला आठवडाभर अंथरुणाला खिळवून गेला. बरी होऊन उठली, दूध तापत ठेवलं, तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली. सासू पलीकडच्या खोलीतून गुडघे सावरत धावत आली.

"अगं, दूध करपलं! समोर उभी राहून झोपलीस की काय?"

पातेल्यातून धूर निघत होता. तिने वाकून वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. मग साबण उचलला, लिंबू कापलं, फिनेलची बाटली उघडली. कशालाच वास नव्हता. जसं काही सगळ्या वस्तू काचेच्या आड नेऊन ठेवल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "येईलही परत. कधी, ते सांगता यायचं नाही. कुणाकुणाचं येतच नाही."

दुकानात तिने कुणाला सांगितलं नाही. सर्दी आहे म्हणून वेळ मारून नेली. टोपणं उघडायची, नळी नाकाशी धरायची, मान हलवायची आणि टोपण लावायची. मालकांना वाटे, काम चाललंय. तिचं तिला माहीत होतं की हे नुसतं सोंग आहे. जीव सारखा टांगणीला लागलेला.

आणि व्हायचं ते झालंच. पियानोचे सूर जुळवून देणारे एक गृहस्थ दुकानाचे जुने गिऱ्हाईक होते. ते एक दिवस नळी परत घेऊन आले. तक्रारखोर स्वभाव नव्हता त्यांचा, म्हणून तर जास्तच लागलं. नळी काउंटरवर ठेवून ते हळूच म्हणाले, "जरा बघता का? मला आपला तळघरातल्या ओल्या पोत्यासारखा वास आला."

मालकांनी सिगार बाहेर काढला. खालच्या टोकाला निळसर हिरव्या बुरशीची लव होती. दोघं खाली गेले. खालच्या फळीमागे भिंतीतला पाइप पाझरत होता, आणि त्या फळीवरच्या नळ्यांमध्ये ओल शिरून दोन पेट्या वाया गेल्या होत्या.

"या तुम्ही बघितल्या होत्या ना?" मालकांनी विचारलं.

"बघितल्या होत्या. पण वास घेतला नाही." तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "घेताच येत नाही मालक. तापापासून माझं नाक गेलंय."

मालक फळीच्या काठावर बसले. "मग बोलला का नाहीत?"

"भ्याले. वाटलं, उद्या येईल, परवा येईल."

मालक रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "असं करा, तुम्ही वर काउंटरवर बसा. गिऱ्हाइकांशी तुमचं चांगलं जमतं. खालचं मी बघतो काहीतरी."

"काउंटरवर सांगाल तेव्हा बसेन. पण खालची खोली सोडणार नाही."

"अहो, नाकाशिवाय काय करणार आहात तिथे?"

"ते अजून मला माहीत नाही. थोडे दिवस द्या. नाहीच जमलं तर मीच किल्ली आणून देईन."

आधी तिने पाइपवाला बोलावला आणि तो पाइप दुरुस्त होईपर्यंत त्याच्या डोक्यावर बसली. मग ती हट्टालाच पेटली. नाक नाही तर बोटं आहेत, डोळे आहेत. ती डोळे मिटून सिगार चिमटीत धरायची. कोरडा असला तर कुरकुरतो, ओला असला तर दबलेला दबलेलाच राहतो, नीट असला तर किंचित दबून परत वर येतो. आतला देवदाराचा पापुद्रा बाहेर काढून वाकवून बघायची. तडकन मोडला तर आत हवा कोरडी, लुळा पडला तर ओल. नळीच्या तळाशी विजेरीचा झोत टाकून बुरशी शोधायची, किड्याने पाडलेली टाचणीएवढी भोकं शोधायची. संध्याकाळी मालकांसमोर तीच परीक्षा. ते निवडून नळ्या द्यायचे, ही बोटांनी सांगायची, ते वास घेऊन पडताळायचे. ओला आणि कोरडा यात ती चुकेनाशी झाली.

घोडं अडलं ते दुसरीकडेच. कोवळा की मुरलेला, हे काही बोटांना सांगता येईना. कोवळा सिगारसुद्धा हाताला छानच लागतो. त्याचा कोवळेपणा फक्त वासात. आणि मालकांचं नाक त्या बाबतीत बेभरवशाचं. स्वतः ओढणारे, त्यामुळे त्यांना सगळंच सुवासिक वाटायचं.

घरी तिचा रोज सकाळी एक उद्योग असे. लवंग, लिंबाची साल, कॉफी आणि साबण, चार वाट्यांत घेऊन बसायचं आणि एकेक हुंगायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सराव ठेवा. सासू दारातून बघत असायची. आरंभी तिने नाक मुरडलं. मग मुरडायचं थांबवलं.

त्या सुमारास दुकानात नव्या नळ्यांचा मोठा साठा आला. मालक म्हणत, तयार आहेत, लावा विक्रीला. तिचं मन घेईना. काही न सुचून तिने एक त्यातली आणि एक जुन्या मांडणीवरची अशा दोन नळ्या पिशवीत टाकल्या आणि घरी आणल्या. नवऱ्याला वास घ्यायला लावावा, एवढाच विचार. स्वयंपाकघरात तिने आधी नव्या नळीचं टोपण फिरवलं मात्र, आतून आवाज आला.

"मांजर शिरलंय घरात! कुठल्या कोपऱ्यात घाण केलीय बघ!"

तिने टोपण लावलं. दुसऱ्या नळीचं उघडलं. मग आतून, जरा गोंधळलेल्या आवाजात, "आता पेन्सिलीला टोक कोण करतंय?"

ती तशीच नळ्या घेऊन आत गेली. सासू पलंगावर बसली होती. सुनेच्या हातात काय आहे ते बघताच तिचा चेहरा उतरला.

"घरात आणलंस हे?"

"चुकलं आई. पण तुम्हाला दोन खोल्या पलीकडून कळलं. मला नाकाला लावून कळत नाही. माझ्याबरोबर दुकानात याल का? नुसता वास घ्यायचा. बाकी सगळं मी करीन."

"ज्याने माझा माणूस नेला, त्याचा वास घ्यायला येऊ? तुला विचारवलं तरी कसं?"

सुनेने नळ्या गॅलरीत नेऊन ठेवल्या. पुन्हा तो विषय काढला नाही. विचारलं तेच जास्त झालं असं तिला वाटत होतं.

पुढे दोन-चार दिवसांनी लेक शाळेतून आली आणि आईच्या कुशीत शिरून आपल्या मैत्रिणींची भांडणं सांगू लागली. नळीबाईने तिच्या केसांत तोंड खुपसलं. श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग लेकीला तशीच धरून ती खिडकीबाहेर बघत राहिली. लेकीच्या ते लक्षातही आलं नाही, ती बोलतच होती. सासू समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून निघायच्या तयारीत होती, तर सासू कोट घालून, काठी घेऊन दारात उभी.

"आई, कुठे निघालात?"

"तुझ्या त्या तळघरात. पण आधीच सांगते, हात लावणार नाही. तू उघडायचं, तू धरायचं. आणि हे मी तंबाखूसाठी करत नाहीये."

"मला माहीत आहे."

"माहीत असू दे. बोलू नकोस आता, रडायला येईल कुणालातरी."

जिना उतरायला सासूला बराच वेळ लागला. खाली आल्यावर तिने सगळीकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "झाडून घेतेस वाटतं नीट. बरं." मालकांनी स्वतःची आरामखुर्ची खाली आणवली. सासू बसली आणि काम सुरू झालं. सून टोपण फिरवायची, नळी पुढे करायची, सासू डोळे मिटून एक श्वास घ्यायची आणि निकाल द्यायची. धंद्यातले शब्द तिला माहीत नव्हते, शिकायची इच्छाही नव्हती. तिचे स्वतःचे होते. मांजर. ओलं ब्लँकेट. रिकामं खोकं. पेन्सिल. सुनेने त्याच नावांच्या चिठ्ठ्या लिहून मांडण्यांना चिकटवल्या. मालकांनी त्या वाचल्या आणि कपाळाला हात लावला. "गिऱ्हाईक खाली आलं आणि त्याने वाचलं, मांजर, तर मी काय सांगू?"

"सांगा की मोठं होतंय," सून म्हणाली.

नव्या साठ्यातल्या जवळजवळ सगळ्या नळ्या मांजर निघाल्या. आणि नेमकी तेव्हाच नदीकाठच्या एका मोठ्या हॉटेलची मागणी आली. त्यांना नळ्याच हव्या होत्या, आणि लगेच. मालकांना आकाश ठेंगणं झालं. ते खाली येऊन पेट्या मोजायला लागले, तशी नळीबाई मांडणीच्या पुढ्यात उभी राहिली.

"हे द्यायचे नाहीत."

"अहो, हॉटेलात येणारे वर्षातून एकदा ओढतात. त्यांना काय कळतंय?"

"त्यांना नावं ठेवता येत नसतील. घशाला झोंबलं हे कळतंच ना? वर्षातून एकदा ओढणाऱ्याने तो एकदाच वाईट ओढायचा होय?"

"बाई, इथे मालक तुम्ही की मी?"

"तुम्हीच. म्हणून तर पेटीवर तुमचं नाव आहे. आता हे पाठवले तर ते पुन्हा कधी मागणार नाहीत. जुन्यांतले थोडे द्या आणि सांगा, बाकीचे पुढच्या हिवाळ्यात."

"आणि तोवर थांबले नाहीत तर?"

"तर मी स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलेन."

मालकांनी सासूकडे बघितलं, काही मदत होते का म्हणून. सासू म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. घरीपण अशीच आहे ती."

थांबायला सांगणं सोपं, थांबणं कठीण. हॉटेलचा खरेदी बघणारा माणूस थोडे जुने घेऊन गेला खरा, पण बाकीच्यांबद्दल त्याने शब्द दिला नाही. त्या साठ्याची सगळी टोपणं नळीबाईने सैल केली. वरच्या फळीवरच्या नळ्या खाली, खालच्या वर, असं ती फिरवत राहिली. उन्हाळ्यात थंडावा देणारं यंत्र बंद पडलं, तेव्हा तिने ओली चादर दाराला लावून, पंखा फिरवून खोली सांभाळली आणि यंत्रवाला येईपर्यंत तबकडीवरून नजर हटवली नाही. मधूनमधून सासू यायची आणि श्वास घेऊन म्हणायची, "मांजर." मग बऱ्याच काळाने, "मांजर, पण लांब गेलेलं." मालक अस्वस्थ व्हायचे, किंमत उतरवून काढून टाकू म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि तिथून हलायची नाही.

हिवाळा लागल्यावर एक दिवस सासूने नळीचा वास घेतला आणि मिटलेले डोळे उघडलेच नाहीत.

"आई?"

"थांब." तिने दुसरी नळी मागितली. मग तिसरी. "नुसती पेन्सिल नाही म्हणता येणार. पेन्सिल आहे, पण त्यात सुक्या मनुकांचा डबा उघडल्यासारखं काहीतरी आहे. ह्याला माझ्याकडे नाव नाही."

मालकांनी एक सिगार वर नेऊन पेटवला. अर्धा संपेपर्यंत ते खाली आले नाहीत. आले तेव्हा एवढंच म्हणाले, "टोपणं घट्ट करा. मी हॉटेलला फोन लावतो."

हॉटेलने सगळे घेतले आणि पुढच्या वर्षाचेही सांगून ठेवले. मालकांनी तळघराची व्यवस्था नळीबाईच्या हाती कायमची सोपवली, माल कधी विकायचा हे ठरवण्यासकट. सासूला त्यांनी एकदा कृतज्ञतेने विचारलं, "आता तरी तंबाखूवरचा राग गेला ना?"

"वास चांगला आहे," सासू म्हणाली. "म्हणून काही तो माणसाला सोडत नाही. तुम्हीही कमी करा." मालकांनी कमी केलं की नाही कोण जाणे, पण ती खाली असताना ते पेटवेनासे झाले.

नळीबाईचं नाक नीट परत आलं नाही. मध्ये कॉफीला जळक्या रबरासारखा वास येऊ लागला होता, तेवढ्यावरही ती हरखली होती, पण तेही टिकलं नाही. वाट्या घेऊन बसणं तिने सोडलेलं नाही. लेक आता मोठी झाली आहे, आईच्या कुशीत सहसा शिरत नाही, आणि शिरलीच तर आजी आपण होऊन सांगते, "आज शाम्पू बदललाय हिने. सफरचंदाचा आहे."

परवा दुकानात नवाच प्रकार आला. काचेच्या नळ्या, बूच लावून वरून लाखेने बंद केलेल्या. फोडल्याशिवाय उघडायच्या नाहीत, आणि फोडल्या की विकायच्या नाहीत. नळीबाईने एक सासूच्या पुढे धरली. सासूने नेटाने हुंगलं आणि मान हलवली.

"यात माझंही नाक तुझ्यासारखंच. आता काय करशील?"

"एक फोडू," सून म्हणाली. "मग एक पुढच्या वर्षी. बाकीच्या रोज बघू. काच आहे ना, रंग तरी दिसेल."

तिने खुर्ची दिव्याजवळ ओढली, विजेरी काढली आणि पहिली नळी उजेडात धरून सावकाश फिरवायला लागली.